परिषदेच्या ११ दिवस आधी सापडलेली चूक : एका पीएच.डी. विद्यार्थिनीच्या सादरीकरणाचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील संशोधिका पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षात होती आणि तिचा पहिलाच शोधनिबंध एका आंतरराष्ट्रीय परिषदेत तोंडी सादरीकरणासाठी स्वीकारला गेला होता. मी त्याच संशोधन गटात तिच्यापेक्षा काही वर्षांनी ज्येष्ठ होतो. निबंधाचा मसुदा मी दोनदा वाचला होता आणि पुढे सांगितलेली चूक मलाही दिसली नव्हती, त्यामुळे हे लेखन तटस्थ निरीक्षकाचे नाही. तिच्या संमतीने ते लिहीत आहे. व्यक्ती, संस्था आणि परिषद ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिचा विषय वृद्धांच्या पडण्याच्या धोक्याचा होता. कमरेला बांधलेल्या संवेदकाने चालण्याच्या नोंदी घ्यायच्या आणि त्यांवरून, गेल्या वर्षभरात पडलेली व्यक्ती कोणती आणि न पडलेली कोणती, हे संगणकीय प्रारूपाने ओळखायचे, असे कामाचे स्वरूप होते. एकूण ३६ व्यक्ती होत्या. त्यांपैकी १४ जण पडले होते, २२ जण पडले नव्हते. वैद्यकात सर्रास वापरल्या जाणाऱ्या सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत प्रत्येकाची नोंद घेतली होती आणि ती पाच-पाच सेकंदांच्या तुकड्यांत विभागली होती. म्हणजे एका व्यक्तीचे ७२ तुकडे आणि सगळ्यांचे मिळून २,५९२. निबंधातला मुख्य दावा असा होता की प्रारूप यांतील ९४ टक्के तुकडे अचूक ओळखते.

परीक्षकांच्या सूचनांनुसार निबंध सुधारून झाला होता आणि त्याची अंतिम प्रत पाच आठवड्यांपूर्वी पाठवून झाली होती. परिषदेच्या पहिल्या दिवशी निबंधसंग्रह प्रकाशित होणार होता आणि त्यातील प्रत्येक निबंधाला कायमस्वरूपी डीओआय क्रमांक, म्हणजे निबंधाची डिजिटल ओळख, मिळणार होता. परिषद शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात होती. तिथला व्हिसा प्रवासाच्या सहा महिने आधीपासून मागता येतो, किमान १५ दिवस आधी मागावा लागतो, आणि निर्णयाला सामान्यतः १५ दिवस लागत असले तरी ती मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. हे ठाऊक असल्याने तिने अर्ज वेळेत केला होता. प्रवासासाठी अनुदान मिळाले होते, नोंदणी शुल्क भरून झाले होते. तिच्या विभागाच्या नियमानुसार प्रबंध दाखल करण्यापूर्वी किमान एक परीक्षित शोधनिबंध प्रकाशित होणे आवश्यक होते आणि ती अट या निबंधाने पूर्ण होणार होती.

अडचण

परिषदेला ११ दिवस उरले असताना गटात सराव-सादरीकरण झाले. बोलण्यासाठी १२ मिनिटे आणि प्रश्नांसाठी ३ मिनिटे अशी वेळ होती. तिने ती नीट सांभाळली. नवव्या स्लाइडवर निकालाचा आलेख आला तेव्हा दुसऱ्या शाखेतून नुकत्याच आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, “उद्या एखादी नवीन व्यक्ती आली, जिची नोंद तुमच्याकडे आधी नाही, तर तिच्याबद्दलही हे ९४ टक्केच खरे ठरतील का?” ती “हो” म्हणाली. मग क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मी तपासून सांगते.”

त्या रात्री तिने मूळ संगणकीय आज्ञावली उघडली. शिकवणीसाठी ८० टक्के आणि चाचणीसाठी २० टक्के अशी विभागणी तिने तुकड्यांची केली होती, व्यक्तींची नव्हे. सगळे २,५९२ तुकडे पत्त्यांसारखे पिसून वाटले गेले होते. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक व्यक्तीचे सुमारे ५८ तुकडे प्रारूपाने शिकताना पाहिले होते आणि त्याच व्यक्तीच्या उरलेल्या चौदा-पंधरा तुकड्यांवर त्याची परीक्षा झाली होती. प्रत्येकाची चाल हस्ताक्षराइतकी वेगळी असते. प्रारूप पडण्याचा धोका ओळखत नव्हते. ते माणूस ओळखत होते आणि त्या माणसाची आधीच ठाऊक असलेली वर्गवारी सांगत होते.

या प्रकाराला मशीन लर्निंगमध्ये डेटा लीकेज म्हणतात. माहिती चोरीला जाण्याशी त्याचा संबंध नाही; परीक्षेतली माहिती शिकवणीत झिरपणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. चूक नवखेपणाची वाटली तरी ती नवख्यांपुरती मर्यादित नाही. २०१७ साली ‘गिगासायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने नोंदीनुसार विभागणी आणि व्यक्तीनुसार विभागणी यांतला नेमका हाच फरक दाखवून दिला होता, आणि २०२३ साली ‘पॅटर्न्स’मधल्या निबंधात सयाश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी अशा गळतीची उदाहरणे १७ ज्ञानशाखांतून गोळा केली होती. पहिला निबंध तिच्या वाचनयादीत होता. वाचलेली गोष्ट स्वतःच्या कामात ओळखू येणे किती अवघड असते, हे मला त्या दिवशी कळले.

तिने दर खेपेला एक व्यक्ती पूर्णपणे बाजूला ठेवून, उरलेल्या ३५ जणांवर प्रारूप शिकवून चाचणी पुन्हा केली. आता ३६ पैकी २६ व्यक्ती बरोबर ओळखल्या गेल्या, म्हणजे ७२ टक्के. हा आकडा वाईट दिसत नाही, पण ‘कोणीच पडलेले नाही’ असे डोळे मिटून सांगितले तरी ३६ पैकी २२, म्हणजे ६१ टक्के उत्तरे बरोबर येतात. ३६ व्यक्तींच्या नमुन्यात ७२ टक्क्यांचा ९५ टक्के विश्वासांतराल, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा, साधारण ५६ ते ८४ असा पसरतो आणि ६१ त्याच्या आतच येतो. शिवाय केवळ चालण्याचा वेग पाहून २५ व्यक्ती बरोबर ओळखता येत होत्या. आकडा थोडा उतरला, एवढ्यावर हे थांबत नव्हते. निबंधाचा दावाच उभा राहत नव्हता.

विचारात घेतलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मार्गदर्शकांच्या खोलीत गेली आणि मलाही तिने सोबत नेले. सरांचे पहिले वाक्य होते, “आधी हे नक्की आहे का ते पाहू.” हा पहिला निर्णय आणि तो योग्यच होता, कारण घाबरून केलेली दुरुस्तीही चुकीची असू शकते. मूळ नोंदी घेऊन मी तिची आज्ञावली न पाहता स्वतंत्रपणे चाचणी लिहिली. दोन दिवसांनी माझेही उत्तर २६ आले. त्यानंतरच पर्यायांची चर्चा सुरू झाली.

पहिला पर्याय मूळ निबंध जसाच्या तसा सादर करण्याचा होता. तो कोणी सुचवला नाही, पण खोलीत तो हजर होता, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. परीक्षकांना चूक दिसली नव्हती, सभागृहात कोणाला दिसण्याची शक्यता कमी होती आणि प्रकाशनाची अट पूर्ण झाली असती. ती नंतर मला म्हणाली की रात्री दोन ते चार या वेळात हा पर्याय तिला अगदी समंजस वाटत होता.

दुसरा पर्याय निबंध मागे घेऊन जाणेच रद्द करण्याचा होता. तो स्वच्छ दिसत होता. पण आयोजकांना कारण न सांगता केवळ गैरहजर राहिल्यास निबंध संग्रहात छापला जाऊन तसाच राहण्याचा धोका होता. सादर न झालेले निबंध डिजिटल ग्रंथालयातून वगळण्याचा अधिकार आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसारख्या संस्था राखून ठेवतात, तरी प्रत्येक परिषदेत तसे होईलच असे गृहीत धरता येत नाही. आणि कारण सांगायचेच असेल, तर मग न जाण्याने काय साधणार होते?

तिसरा पर्याय मधला होता : निबंध छापू द्यायचा आणि सादरीकरणात दुरुस्ती तोंडी सांगायची. सुरुवातीला आम्हा तिघांचाही कल इकडे होता. त्यावर आक्षेप घेतला तो चौथ्या लेखिकेने, म्हणजे ज्यांच्या रुग्णालयात नोंदी घेतल्या होत्या त्या डॉक्टरांनी. त्या दूरध्वनीवर म्हणाल्या, “सभागृहात असतील चाळीस जण. निबंध वाचणारे तिथे नसतील. माझ्या रुग्णांच्या नोंदींवर ९४ टक्के असा आकडा कायमचा छापून राहिलेला मला चालणार नाही.” या एका वाक्याने चर्चेची दिशा बदलली. तोपर्यंत आम्ही हा प्रश्न संशोधिकेच्या सादरीकरणाचा समजत होतो. तो छापील नोंदीचा होता.

चौथा पर्याय मग उरलाच : कार्यक्रम समितीला लगेच लेखी कळवायचे, काय शक्य आहे ते विचारायचे आणि परवानगी मिळाल्यास दुरुस्त निकाल घेऊन जायचे. या वेळी सरांनी फ्रान्सिस अर्नोल्ड यांची आठवण काढली. त्यांना २०१८ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांनी ‘सायन्स’मधला आपला आदल्या वर्षीचा निबंध मागे घेतल्याचे स्वतःहून जाहीर केले, कारण त्यातल्या निकालांची पुनरावृत्ती होत नव्हती. संशोधिकेला याने धीर आला. तरीही तिने विचारलेला प्रश्न रास्त होता : नोबेल मिळालेल्या व्यक्तीला जे परवडते ते एकही निबंध नावावर नसलेल्या विद्यार्थिनीला परवडेल का? सरांनी ‘परवडेल’ असे सांगितले नाही. पत्र आपल्या सहीने जाईल आणि विभागाशी प्रकाशनाच्या अटीबद्दल आपणच बोलू, असे ते म्हणाले. मार्गदर्शकाने सल्ल्याऐवजी जबाबदारीचा भाग उचलला, हा माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण होता.

केलेली कृती

पत्राचा पहिला मसुदा दीड पानाचा होता आणि त्यातला बहुतेक भाग चूक कशी झाली असावी याच्या खुलाशांचा होता. तो बाजूला ठेवून चार मुद्द्यांचे पत्र लिहिले : विभागणी व्यक्तीनुसार न होता तुकड्यांनुसार झाली, त्यामुळे मुख्य निकाल आणि निष्कर्ष टिकत नाहीत, नोंदी घेण्याची पद्धत आणि प्रारूपाची रचना यांवर परिणाम होत नाही, निबंध संग्रहातून मागे घ्यावा की दुरुस्तीची टीप जोडावी, आणि सादरीकरणाची वेळ दुरुस्त निकालासाठी वापरता येईल का, याबद्दल समितीचा निर्णय कळवावा. सोबत जुना आणि नवा आकडा दाखवणारा एकच तक्ता होता. चारही लेखकांची लेखी संमती घेऊन, परिषदेला आठ दिवस असताना पत्र गेले. त्याच दिवशी प्रवास अनुदान देणाऱ्या संस्थेलाही कळवले. सादरीकरण होणार असल्यास अनुदानाला बाधा नाही, असे उत्तर तिकडून दुसऱ्याच दिवशी आले.

समितीचे उत्तर यायला तीन दिवस लागले आणि ते दिवस तिने काहीही न करता घालवले. खरे तर सादरीकरण कोणत्याही परिस्थितीत बदलायचेच होते, त्यामुळे वाट पाहण्यात वेळ गेला हे चुकले. उत्तर थोडक्यात होते : मुख्य निष्कर्षच टिकत नसल्याने टिपेऐवजी निबंध मागे घेणे योग्य, सादरीकरणाची वेळ कायम, छापील कार्यक्रमपत्रिका बदलता येणार नाही, त्यामुळे नवे शीर्षक वक्त्याने स्वतः सांगावे.

उरलेल्या चार दिवसांत १४ स्लाइडच्या ९ झाल्या. सर्वाधिक चर्चा झाली ती दुरुस्ती कधी सांगायची यावर. शेवटी सांगितली तर ऐकणारे दहा मिनिटे खोट्या आकड्यावर विचार करत राहतील, म्हणून ती पहिल्या मिनिटातच सांगायची, असे ठरले. ती तीन वाक्ये तिने शब्दशः लिहून पाठ केली आणि पुढचे सगळे मुद्द्यांवरून बोलायचे ठरवले. मला विचाराल तर परक्या भाषेत प्रथमच बोलणाऱ्याने एवढेच पाठ करावे. अख्खे भाषण पाठ करणारा एक शब्द अडला की पुढचे सगळे विसरतो.

निकालाचा आलेखही नव्याने काढला. जुन्या आलेखात पडलेल्यांचे ठिपके लाल आणि न पडलेल्यांचे हिरवे होते. गटातल्या एकाला दुसऱ्या सरावात ते वेगळे दिसेनात, तेव्हा लक्षात आले की पहिल्या सरावातही त्याला ते दिसले नव्हते आणि तो संकोचाने गप्प बसला होता. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांना लाल-हिरव्याचा भेद करताना अडचण येते. तिने निळा आणि नारिंगी रंग घेतले आणि एका गटासाठी ठिपक्यांऐवजी त्रिकोण वापरले. नव्या आलेखात ३६ खुणा होत्या, दर व्यक्तीमागे एक. कोणाबद्दल प्रारूप चुकले ते प्रत्येकाला मोजता येत होते.

परिषदेतील सादरीकरण

सत्र दुसऱ्या दिवशी होते. सत्राध्यक्षांनी छापील पत्रिकेतले जुने शीर्षक वाचून तिची ओळख करून दिली. तिने व्यासपीठावर जाऊन सांगितले की पत्रिकेतला निबंध मागे घेतला आहे, त्यातला ९४ टक्के हा आकडा चुकीचा आहे, आणि पुढची १२ मिनिटे तो आकडा कसा निर्माण झाला आणि विभागणी बदलल्यावर काय उरते ते ती दाखवणार आहे. मागच्या रांगेतल्या दोघांनी खाली घातलेली मान वर केली, हे तिला आजही आठवते.

प्रश्नांच्या वेळेत पहिला प्रश्न तांत्रिक होता आणि त्याची तयारी होती. दुसऱ्या प्रश्नकर्तीने मात्र शांतपणे सांगितले, “तुमच्या निबंधाची पूर्वप्रत मी दोन महिन्यांपूर्वी आर्काइव्हवर वाचली. माझा विद्यार्थी तिच्यावर आधारित काम करतो आहे. ती प्रत अजून तशीच आहे.”

यावर तिच्याकडे उत्तर नव्हते. आर्काइव्ह (arXiv) हा पूर्वप्रतींचा, म्हणजे औपचारिक प्रकाशनापूर्वीच्या निबंधांचा, १९९१ पासून चालणारा खुला ऑनलाइन संग्रह. त्यात आम्ही पूर्वप्रत टाकली होती आणि पत्राच्या धावपळीत चौघांपैकी एकालाही तिची आठवण झाली नव्हती. ती म्हणाली, “हे आमच्याकडून राहिले. आज रात्री दुरुस्त करते आणि तुम्हाला कळवते.” सत्र संपल्यावर ती त्या प्राध्यापिकेला भेटली, विद्यार्थ्याचा पत्ता घेतला आणि त्याच रात्री मागे घेण्याची विनंती कारणासह नोंदवली. आर्काइव्हवर निबंध मागे घेतला की मागे घेतल्याची नोंद नवी आवृत्ती म्हणून दिसते. आधीच्या आवृत्त्या पुसल्या जात नाहीत. चुकीची प्रत वाचणे त्यानंतरही शक्य असते, फक्त मुख्य पानावर इशारा असतो.

परिणाम

प्रकाशनाची अट विभागाने शिथिल केली नाही. सरांनी प्रयत्न केला, पण नियम सर्वांना सारखा, असे उत्तर मिळाले. प्रबंध दाखल व्हायला सात महिने उशीर झाला आणि त्यातल्या शेवटच्या तीन महिन्यांत तिची शिष्यवृत्ती संपलेली होती. प्रामाणिकपणाची किंमत विद्यार्थ्याने एकट्याने मोजावी, ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते. निबंध स्वतःहून मागे घेणाऱ्याला मुदतवाढ आणि तेवढ्या काळाची शिष्यवृत्ती देण्याची तरतूद प्रत्येक विभागात असायला हवी.

दोन विभागण्यांची तुलना हाच विषय करून लिहिलेला नवा निबंध पहिल्या ठिकाणी नाकारला गेला आणि दुसऱ्या परिषदेत लघुनिबंध म्हणून, पोस्टरसाठी स्वीकारला गेला. प्राध्यापिकेच्या गटाबरोबर नोंदी एकत्र करून मोठा नमुना उभारण्याचीही बोलणी झाली होती. ती पुढे गेली नाहीत, कारण सहभागी व्यक्तींनी दिलेल्या संमतीपत्रांत नोंदी दुसऱ्या संस्थेला देण्याची मुभा नव्हती. मात्र त्या विद्यार्थ्याने आपल्या कामातली विभागणी तपासली आणि त्यालाही तीच चूक सापडली. त्याने ते पत्राने कळवले.

वेगळे काय करता आले असते

विभागणीचा प्रश्न सरावात विचारला गेला, तो अंतिम प्रत पाठवण्यापूर्वी विचारला गेला असता तर पुढचे काहीच घडले नसते. आमच्या गटात सराव-सादरीकरण नेहमी प्रवासाच्या तोंडावर होत असे, जणू त्याचा हेतू केवळ उच्चार आणि वेळ तपासणे हाच आहे. आता पहिला सराव अंतिम प्रतीच्या मुदतीपूर्वी होतो आणि त्याला दुसऱ्या विषयातले किमान दोन जण बोलावले जातात. मी मसुदा वाचताना भाषा आणि आकृत्या पाहिल्या. आज्ञावली उघडण्याचे मला सुचले नाही, आणि तिनेही ती दाखवली नव्हती. आता सहलेखकांपैकी एकाने निकाल स्वतंत्रपणे काढल्याशिवाय निबंध पाठवत नाही. यात एक-दोन आठवडे जातात.

पत्राबरोबरच, निबंध कुठे-कुठे पोहोचला आहे याची यादी करायला हवी होती : पूर्वप्रत, विभागाचे संकेतस्थळ, अनुदानाचा अर्ज, तिच्या परिचयपत्रातली नोंद. ही यादी करायला अर्धा तास लागला असता. आम्ही ती परिषदेहून परतल्यावर केली आणि तेव्हा विभागाच्या फलकावर लावलेली ९४ टक्क्यांची बातमीही सापडली. ती तिने स्वतः काढली.

समितीला लिहिण्यापूर्वी दोन दिवस पडताळणीत गेले, त्याबद्दल आमच्यात अजून मतभेद आहेत. तिचे म्हणणे असे की ‘गंभीर चूक असण्याची शक्यता आहे, दोन दिवसांत नक्की कळवतो’ एवढी ओळ पहिल्याच दिवशी पाठवली असती, तर कार्यक्रमपत्रिका छापण्यापूर्वी शीर्षक बदलता आले असते. अर्धवट माहितीवर पत्र पाठवणे मला तेव्हा घाईचे वाटले होते. छपाई नेमकी त्या दोन दिवसांच्या मधल्या संध्याकाळी झाली, हे आयोजकांकडून नंतर समजले.

पूर्वप्रत मागे घेतल्यानंतरही तिचा संदर्भ देणारे दोन निबंध प्रसिद्ध झाले. तिने दोन्हींच्या लेखकांना पत्र पाठवले. एकाने दुरुस्ती केली. दुसऱ्याचे उत्तर अजून आलेले नाही.